टॉकबॅकचा प्रीअँप घरी बनवताना: आयसीपेक्षा बटणाची काळजी जास्त करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोळा चॅनलचं जुनं ॲनालॉग कन्सोल सेकंडहँड घेतलंय, त्यात टॉकबॅकची सोय नाही. बूथमधल्या गायकाशी बोलायला सध्या एका चॅनलवर डायनॅमिक माइक लावून ठेवलाय. एक चॅनल कायमचं अडकलंय आणि फेडर चुकून वर राहिला की कंट्रोल रूममधल्या गप्पा टेकमध्ये जातात. छोटा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) स्वतः बनवता येईल का, कुठला आयसी घ्यावा आणि आवाज स्वच्छ कसा मिळवावा?

बनवता येईल. डाग देण्याचा (सोल्डरिंगचा) हात बसलेला असेल तर एका रविवारचं काम आहे. पण आयसीचा प्रश्न यातला सगळ्यात सोपा भाग आहे. टॉकबॅकवरून कोणी गाणं ऐकत नाही, बोलणं ऐकतं. बोलणं कळलं पाहिजे, एवढी त्याची गरज. खरी काळजी वेगळीच असते. बटण सोडलेलं असताना हा माइक आहे हेही बूथमध्ये जाणवता कामा नये. बटण दाबताना आणि सोडताना हेडफोनमध्ये काही वाजता कामा नये. आणि इकडे कोणी कितीही जोरात बोललं तरी तिकडच्या माणसाच्या कानाला धक्का बसता कामा नये.

हे मी एका सेशनमध्ये शिकलो. मुंबईतल्या एका छोट्या स्टुडिओसाठी टॉकबॅक बनवून दिला होता. कॅप्सूल आणि अँपच्या मध्ये एक साधं पुश बटण, बस्स. गायिका अंतऱ्याचा चौथा टेक देऊन थांबल्या, मी ‘छान, अजून एक घेऊ’ म्हणायला बटण दाबलं आणि त्यांच्या कानात ‘ठप्प’ असा आवाज गेला. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर संपूर्ण सेशनभर, टेक संपला की त्यांचा डावा हात आपोआप हेडफोनकडे जायचा आणि मी बोलायच्या आधी त्या एक कप कानापासून दूर धरायच्या. काचेतून ते बघताना मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाने निश्चिंतपणे गावं म्हणून आपण सगळी धडपड करतो, त्याला मीच दचकवत होतो. म्हणून आधी सर्किट सांगतो, पण बटणाचा भाग वाचल्याशिवाय सोल्डरिंग गन तापवू नका.

आधी हिशेब करू. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘कंडेन्सर माइक’ म्हणून जी बटणाएवढी इलेक्ट्रेट कॅप्सूल मिळते, ती एक पास्कल म्हणजे ९४ डेसिबल आवाजाला साधारण ८ मिलिव्होल्ट देते. डेटाशीटवर हेच वजा ४२ डीबी असं लिहिलेलं असतं. तुम्ही खुर्चीत बसून अर्ध्या मीटरवरून स्पष्ट बोललात तर कॅप्सूलपाशी ७० डेसिबलच्या आसपास पोचतात. ९४ पेक्षा २४ ने कमी, म्हणजे सुमारे सोळावा हिस्सा. ८ भागिले १६, अर्धा मिलिव्होल्ट. हेडफोनच्या क्यू मिक्समध्ये (गायक कानात ऐकतो त्या मिक्समध्ये) घालायला अर्धा व्होल्ट मिळाला की भागतं. तर आपल्याला हजारपट वाढ हवी, ६० डीबी.

तुमच्याकडचा डायनॅमिक माइक याच कामाला का नको? तो एक पास्कलला २ मिलिव्होल्टच्या आसपास देतो, म्हणजे कॅप्सूलच्या पाव. अजून १२ डीबी वाढवावे लागतील, शिवाय लांब केबल आली, म्हणजे बॅलन्स्ड इनपुट किंवा ट्रान्सफॉर्मर आला. तो माइक गाण्यासाठी ठेवा.

हजारपट वाढ एकाच स्टेजमध्ये काढायचा मोह टाळा. आपल्याकडे गल्लोगल्ली मिळणारा ४५५८ हा आयसी घेतलात तर त्याचा गेन-बँडविड्थ (वाढ गुणिले बँडविड्थ) ३ मेगाहर्ट्झच्या आसपास असतो. हजाराने भागलं की उरतात ३ किलोहर्ट्झ. मग ‘स’ आणि ‘फ’ यांत फरक कळेनासा होतो आणि ‘सम चुकली’ की ‘फार चुकली’ हे गायकाला ओळखावं लागतं. दोन स्टेज करा, प्रत्येकी ३४ पट. बँडविड्थ ८० किलोहर्ट्झच्या वर जाते आणि प्रश्न मिटतो.

आता जोडणी. प्लस १५ व्होल्टवरून १८ के (किलोओम) रेझिस्टन्स, त्याच्या दुसऱ्या टोकावरून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड, आणि त्याच टोकावरून २.२ के पुढे कॅप्सूलच्या पॉझिटिव्ह पायाला. हा १८ के आणि १०० मायक्रोफॅरड म्हणजे कॅप्सूलसाठीचा गाळणा आहे. सप्लायमधली घरघर इथेच अडवली नाही तर पुढे ती हजारपट मोठी होऊन ऐकू येते. कॅप्सूलचा जो पाय धातूच्या डबीला जोडलेला दिसतो तो ग्राउंड. पायावर डाग देताना दोन सेकंदांच्या वर थांबू नका, कारण आतली इलेक्ट्रेटची पातळ झिल्ली उष्णतेने कायमची मरते आणि वरून काहीच दिसत नाही. जोडून झालं की कॅप्सूलवरचं व्होल्टेज मीटरने बघा. ३ ते ९ व्होल्टच्या मध्ये काहीही चालेल. १० च्या वर असेल तर १८ केच्या जागी २७ के घाला. शून्याजवळ असेल तर पाय उलटे तरी लागलेत किंवा कुठेतरी शॉर्ट आहे.

कॅप्सूलच्या दोन पायांवरच १०० पिकोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटर डाग द्या. मोबाइल कन्सोलवर ठेवायची सवय सगळ्यांनाच असते आणि त्याचं ते ‘टिर्र टिर्र’ इथूनच आत शिरतं. बोर्डवर नंतर लावलेला कपॅसिटर तेवढा उपयोगी पडत नाही, कारण तोवर वायरने अँटेनाचं काम केलेलं असतं.

पुढे कॅप्सूलवरून ४७ नॅनोफॅरड आयसीच्या ३ नंबरच्या पायाला, आणि ३ वरून २२ के ग्राउंडला. १ आणि २ च्या मध्ये ३३ के आणि त्याला समांतर ४७० पिकोफॅरड. २ वरून १ के, मग १ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर, मग ग्राउंड. ही पहिली स्टेज. १ नंबरवरून १ मायक्रोफॅरड, मग १० केचा प्रीसेट (स्क्रूने फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टन्स), त्याचं दुसरं टोक ग्राउंडला आणि मधला पाय आयसीच्या ५ ला. ६ आणि ७ च्या मध्ये पुन्हा ३३ के आणि ४७० पिकोफॅरड, ६ वरून ग्राउंडकडे पुन्हा १ के आणि १ मायक्रोफॅरड. ७ वरून २२ मायक्रोफॅरड बाहेर, त्यानंतर १०० के ग्राउंडला, मग १ के सिरीजमध्ये, आणि तो आपला आउटपुट. ८ ला प्लस, ४ ला मायनस, दोन्हींवरून ग्राउंडला १०० नॅनोफॅरड अगदी आयसीला चिकटून.

यात कपॅसिटर मुद्दाम छोटे ठेवले आहेत. ४७ नॅनोफॅरड आणि दोन ठिकाणचे १ मायक्रोफॅरड, हे तिन्ही दीडशे हर्ट्झच्या आसपास कापायला लागतात. तिन्ही मिळून ३०० हर्ट्झच्या खालचं भराभर उतरत जातं. टेलिफोनच्या आवाजाचीही खालची मर्यादा ३०० हर्ट्झच होती, आणि फोनवर आयुष्यभर आपल्याला एकमेकांचं कळलंच की. एसीची घुर्र, टेबलावर कप ठेवल्याचा ठोका, ट्रान्सफॉर्मरचा ५० हर्ट्झचा हम, सगळं या चाळणीत अडकतं. इथे ‘भरदार आवाज हवा’ म्हणून मोठे कपॅसिटर घालू नका. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या काही टॉकबॅकमध्ये एवढंच केलं, १० मायक्रोफॅरड काढून १ बसवला, आणि कोणालाच शब्द कळत नाहीत ही तक्रार गेली.

आता तुमचा आयसीचा प्रश्न. ५५३२, टीएल ०७२ आणि ४५५८, तिघांचे पाय एकच. त्यामुळे आठ पायांचा बेस लावा आणि हवा तो बसवा. नॉइजवरून तासन्‌तास वाद घालणारे लोक मला भेटतात, त्यांना मी आकडे दाखवतो. साध्या कॅप्सूलचं सिग्नल-टू-नॉइज ६० डीबीच्या आसपास असतं. म्हणजे ८ मिलिव्होल्टचा हजारावा भाग, ८ मायक्रोव्होल्ट नॉइज ती स्वतःच करते. ५५३२ चा इनपुट नॉइज पूर्ण ऑडिओ बँडमध्ये ०.७ मायक्रोव्होल्ट भरतो, टीएल ०७२ चा अडीच. दोन्ही कॅप्सूलच्या ‘सूं’खाली गाडले जातात. मग निवड कशावरून करायची? सप्लायवरून. बऱ्याच कन्सोलमध्ये प्लस-मायनस १८ व्होल्ट असतात आणि ४५५८ व जुन्या पद्धतीच्या टीएल ०७२ ची कमाल मर्यादाच १८ आहे. ५५३२ ची २२ आहे. म्हणून १५ व्होल्ट असतील तर काहीही चालेल, १८ असतील तर ५५३२च, आणि मग त्या १८ केच्या जागी २२ के लावा. बाजारात ५५३२ चं नाव छापलेले भलतेच आयसीही फिरतात, तेव्हा नेहमीच्या खात्रीच्या दुकानातूनच घ्या.

आणि नॉइज खरंच कमी करायचा असेल तर तो पैशाने होत नाही, अंतराने होतो. कॅप्सूल तोंडाच्या निम्म्या अंतरावर आणलीत की ६ डीबी जास्त सिग्नल मिळतो आणि प्रीसेट तेवढा खाली येतो. कन्सोलच्या मीटर ब्रिजवर भोक पाडून बसवण्यापेक्षा लवचीक गूजनेकवर बसवलेली कॅप्सूल मला कधीही जास्त आवडते. पॅनलमध्येच बसवायची असेल तर रबरी ग्रोमेटमध्ये बसवा. नाहीतर प्रत्येक फेडर सरकवल्याचा आवाज आणि शेजारच्या कॉम्प्युटरच्या पंख्याची थरथर पत्र्यातून थेट माइकमध्ये जाते.

कानाच्या संरक्षणासाठी यात दोन एलईडी लागतात. दुसऱ्या स्टेजच्या ३३ केला समांतर दोन साधे लाल एलईडी एकमेकांना उलटे लावा. लाल एलईडी सुमारे १.७ व्होल्टला वाहायला लागतो. आउटपुट तिथे पोचला की गेन आपोआप कोसळतो. १.७ व्होल्ट पीक म्हणजे साइन वेव्हला १.२ व्होल्ट आरएमएस, बरोब्बर प्लस ४ डीबीयू, स्टुडिओची नेहमीची लाइन लेव्हल. कोणी ओरडलं, खोकलं, माइकवर वही आपटली, तरी आउटपुट त्याच्या थोडासाच वर जाऊ शकतो. हे नसेल तर तोच ५५३२ सप्लायपर्यंत, १३-१४ व्होल्टपर्यंत उसळतो. फरक १८ डीबीचा आहे, आणि तो फरक हेडफोनमधून थेट कोणाच्या तरी कानाच्या पडद्यावर जाऊन आदळतो. ओरडल्यावर आवाज फाटेल, हो. टॉकबॅकमध्ये फाटला तर फाटू द्या. इथे पांढरे किंवा निळे एलईडी लावू नका, त्यांचा व्होल्टेज ३ च्या आसपास असतो आणि मर्यादा तेवढी वर सरकते.

कोणी म्हणेल, चांगला कॉम्प्रेसरच (मोठा आवाज आपोआप दाबणारं सर्किट) का लावू नये? तो उलट्या दिशेच्या माइकला लावा, म्हणजे स्टुडिओतल्या वादकांचं बोलणं कंट्रोल रूममध्ये आणणाऱ्या माइकला, कारण तिथे कुजबुजणारा व्हायोलिनवाला आणि ड्रमर एकाच माइकवर असतात. एसएसएल या ब्रिटिश कंपनीच्या कन्सोलमध्ये त्यासाठीच जबरदस्त कॉम्प्रेसर असायचा. १९७९ साली लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गेब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमचं काम चालू असताना फिल कॉलिन्सचे ड्रम त्या लिसन माइकमधून ऐकू आले आणि रेकॉर्डिस्ट ह्यू पॅडगम यांनी तो आवाज गेट (आवाज उतरू लागला की तो एकदम तोडणारं सर्किट) लावून रेकॉर्डच केला. ऐंशीच्या दशकातला ड्रमचा तो प्रसिद्ध धडाका असा एका बोलायच्या माइकमधून निघाला. आपल्या कामाला दोन एलईडी पुरेत.

आता बटण. माझ्या त्या सेशनमध्ये ‘ठप्प’ का झालं? कॅप्सूलवर ५-६ व्होल्ट डीसी होता आणि मी तीच वायर तोडत-जोडत होतो. प्रत्येक वेळी ते व्होल्ट अँपच्या इनपुटवर आदळत होते, पुढे हजारपट. तेव्हा नियम असा ठेवा: माइक आणि प्रीअँप कायम चालू राहू द्या, तोडायचं ते शेवटी, जिथे डीसी नाही तिथे. आणि तेही तोडायचं नाही, ग्राउंडला बसवायचं.

यासाठी १२ व्होल्टची रिले (करंट दिला की बदलणारा स्विच) वापरा. आउटपुटच्या १ के नंतर रिलेचा नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला) संपर्क ग्राउंडला जोडा. बटण सोडलेलं असताना आउटपुट ग्राउंडला बसलेला. संपर्काचा रेझिस्टन्स ०.१ ओम धरला तरी १ केच्या मानाने तो दहा हजारावा भाग आहे, म्हणजे ८० डीबी खाली. तुम्ही कंट्रोल रूममध्ये काय बोलताय ते बूथमध्ये पोचत नाही. बटण दाबलं की संपर्क उघडतो आणि बोलणं जातं. ते १०० के मी ग्राउंडला लावायला सांगितलं होतं ते याचसाठी: २२ मायक्रोफॅरडच्या पलीकडे डीसी साचू नये. बटणातून ऑडिओ जातच नाही, फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो. म्हणून बटण कुठलंही, कितीही लांब चालेल. मी कधीकधी पायाशी फूटस्विच देतो, दोन्ही हात फेडरवर राहतात. मात्र बटण दाबून धरायचंच हवं, अडकून राहणारं नको. अडकणारं बटण एकदा तरी चालू राहतंच, आणि मग कंट्रोल रूममध्ये गायकाबद्दल जे बोललं जातं ते गायक ऐकतो. त्याने झालेलं नुकसान कुठल्याही रिटेकने भरून येत नाही.

कॉइलवर १एन ४००७ डायोड उलटा लावा आणि रिलेला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर द्या. रिलेचा करंट ऑडिओच्या ग्राउंडमधून नेलात की एवढं सगळं करून पुन्हा ‘टक्‌’ ऐकू येईल.

त्याच बटणावर दुसरी रिले लावा, दोन पोलची, मॉनिटर स्पीकरचा आवाज डिम (कमी) करायला. ही लोक विसरतात आणि मग ‘शिट्टी येते’ म्हणून प्रीअँपला दोष देतात. शिट्टीचा रस्ता असा असतो: तुमचा आवाज टॉकबॅकमधून गायकाच्या हेडफोनमध्ये, हेडफोनमधून झिरपून गाण्याच्या माइकमध्ये, तिथून तुमच्या स्पीकरवर, आणि स्पीकरवरून परत टॉकबॅकमध्ये. स्पीकर २० डीबी खाली आणले की हा फेरा तुटतो. मॉनिटरच्या वायरी बॅलन्स्ड असतील तर गरम आणि थंड अशा दोन्ही तारांमध्ये १ के कायमचा सिरीजमध्ये घाला, आणि बटण दाबल्यावर त्या दोन तारांच्या मध्ये २०० ओम येईल असा रिलेचा नॉर्मली ओपन (एरवी उघडा) संपर्क लावा. एकूण २२०० मधले २०० उरले, म्हणजे जवळपास २१ डीबी खाली. अनबॅलन्स्ड असेल तर सिरीजमध्ये एकच १ के आणि ग्राउंडला १०० ओम. डावा-उजवा मिळून दोन पोल झाले.

सप्लाय कन्सोलमधून घेता येतो, हा आयसी साधारण १० मिलिअँपच्या आतच खातो. प्लस आणि मायनस दोन्हींत ४७ ओम घालून पुढे १०० मायक्रोफॅरड ग्राउंडला द्या, म्हणजे आपली चूक कन्सोलच्या बाकी चॅनलना भोवणार नाही. शून्याची वायर कन्सोलच्या ऑडिओ ग्राउंडवरून एकच घ्या, पत्र्याला दुसरीकडे टेकवू नका. कन्सोल उघडायचं धाडस नसेल तर १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, दोन बाजूंना १००० मायक्रोफॅरड, आणि ७८१५ व ७९१५ हे रेग्युलेटर. इथे एक सापळा आहे. ७८१५ चे पाय समोरून इन, ग्राउंड, आउट असे असतात. ७९१५ चे ग्राउंड, इन, आउट. दिसायला दोघं जुळे, आणि दोन्हींना एकसारखी जोडणी करून ७९१५ जाळलेले मुलगे माझ्याकडे दर पावसाळ्यात सुट्टीत शिकायला येतात. ट्रान्सफॉर्मर मात्र कॅप्सूलच्या आणि बोर्डच्या डब्यात ठेवू नका, फूटभर तरी लांब.

चालू करताना आधी आयसी न बसवता बेसच्या ८ आणि ४ वरचे व्होल्ट बघा. बरोबर असतील तर सप्लाय बंद करून आयसी बसवा आणि १ व ७ नंबरवरचा डीसी मोजा. काही मिलिव्होल्टच हवा. कित्येक व्होल्ट दिसले तर २२ के किंवा प्रीसेटची ग्राउंडची बाजू सुटलेली आहे, दहापैकी नऊ वेळा तेच असतं. आउटपुट क्यू बसमध्ये १० के रेझिस्टन्समधून मिसळा किंवा हेडफोन अँपचं मोकळं इनपुट असेल तर तिथे द्या.

शेवटची चाचणी बूथमध्ये स्वतः बसून करा. हेडफोन गायकाला लागतो तेवढ्या आवाजावर ठेवा, ट्रॅक चालू ठेवा, आणि असिस्टंटला कंट्रोल रूममधून दहा वेळा बटण दाबायला-सोडायला सांगा, काही न बोलता. मग साध्या आवाजात चार वाक्यं. मग एकदा टाळी. प्रीसेट तेव्हाच लावा, ट्रॅकवरून बोलणं कळेल एवढाच. त्या दहा वेळांत तुमचा हात एकदाही हेडफोनकडे गेला तर परत येऊन ते १०० के आणि रिलेचं ग्राउंड तपासा.